पावसाळ्यात म्यानातली सुरी गंजते? चामडं फेकायच्या आधी हे बघून घ्या

जून संपत आला की मला फोटो यायला लागतात. म्यान मस्त शिवलेलं असतं, कडा घासून चकचकीत केलेल्या, टाके एका रेषेत, आणि आतून काढलेल्या पात्यावर नारिंगी ठिपके. प्रश्न पण ठरलेला, चामडं खराब निघालं का आणि कुठलं तेल लावू? तेलाचं नंतर बोलू, कारण बऱ्याच वेळा तेलानंच गोंधळ वाढवलेला असतो. अशी गंजकी प्रकरणं आमच्या ग्रुपमधल्या लोकांची मी वर्षानुवर्षं निस्तरतोय, स्वतःचीही, त्यामुळे कुठून सुरू करायचं ते एकदाच सगळं लिहून ठेवतो.

हे मुख्यतः कार्बन स्टीलच्या सुऱ्यांबद्दल आहे, म्हणजे लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्यातून बनवून घेतलेली, जुन्या कानशीपासून बनवलेली वगैरे. स्टेनलेसवाल्यांनीही वाचा, मीठ लागलं की स्टेनलेसलाही ठिपके पडतात, फक्त उशिरा पडतात.

आधी डाग कसा आहे ते बघा

डाग पुसून टाकायची घाई करू नका, उजेडात धरून फोटो काढा, कारण डागाच्या रंगावरून आणि जागेवरून अर्धं निदान होतं.

पूर्ण पात्यावर पातळ नारिंगी भुकटी, बोटानं पुसली तर निघते: हा निव्वळ ओलावा. पात्यावर निळसर काळे धब्बे आणि म्यानाच्या आतल्या बाजूलाही तसेच काळे डाग: चामडं ओलं असताना त्यातलं टॅनिन, म्हणजे कातडं कमावताना घातलेल्या झाडपाल्याचा तुरट अंश, लोखंडाला लागलंय, याला गंज म्हणून घाबरायचं कारण नाही, लिहायची जुनी शाई याच प्रकारानं बनायची. बारीक ठिपके, आणि नख फिरवलं तर खड्डा लागतो: मीठ किंवा आम्ल, ही सगळ्यात वाईट केस. फक्त टोकाकडे किंवा फक्त धारेच्या रेषेत गंज: म्यानाच्या तळाशी पाणी साठतंय किंवा मधली पट्टी (धारेच्या बाजूला दोन थरांच्या मध्ये शिवलेली चामड्याची पट्टी) ओली राहिली आहे. पितळी रिवेटभोवती हिरवं मेणचट काहीतरी: तेल. फक्त बटणाच्या समोर, त्याच आकाराचा गोल डाग: बटण लोखंडी आहे.

आणि म्यानावर पांढरं काही आलं असेल तर ती बुरशीच असेल असं नाही. हेअर ड्रायरची गरम हवा मारा, वितळून आत गेलं तर ती चामड्यातली चरबी वर आली आहे, ओल्या फडक्यानं पुसल्यावर विरघळून गेलं आणि वाळल्यावर परत आलं तर मीठ, आणि दोन्हीला दाद देत नाही, कुबट वास येतो, तर बुरशी.

फुकटातला उपाय: सुरी बाहेर ठेवा

म्यान न्यायला असतं, ठेवायला नाही. हे वाक्य ऐकून लोक नाराज होतात, एवढं मेहनतीनं बनवलं आणि आता वापरायचं नाही का, वापरा की, ट्रेकला न्या, शेतात न्या, पण घरी आल्यावर सुरी बाहेर आणि म्यान वेगळं. चामडं हवेतला ओलावा ओढून घेतं आणि सावकाश सोडतं. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड पटापट गंजायला लागतं आणि जुलैत मुंबई, कोकणात ती ८० च्या वरच असते, मग तुम्ही ते पातं दोन्ही बाजूनं ओलसर चामड्यात दाबून महिनाभर कपाटात ठेवलं तर दुसरं काय होणार. कोकणात कोयता कमरेच्या मागे आकडीला अडकवतात, पातं उघडंच असतं, रोज वापरात असतं, आणि भर पावसातही त्याला कुणी गंज गंज म्हणून रडत नाही. जुन्या तलवारींच्या म्यानात आत लाकूड आणि वरून चामडं किंवा मखमल असायचं, पोलाद थेट चामड्याला लागायचंच नाही.

करायचं एवढंच, सुरी साफ करून, कोरडी करून, त्याच कपाटात म्यानाशेजारी कागदात गुंडाळून दोन आठवडे ठेवा. तरी गंजली तर म्यानाचा दोष नाही, तुमचं कपाट किंवा तुमची साफसफाई बघायला लागेल, तेव्हा पुढचं साफसफाईचं तेवढं वाचा, बाकीच्याची गरज नाही. बाहेर ठीक राहिली आणि म्यानात गेल्यावरच गंजली तर पुढे चला. ही तपासणी सोडून लोक थेट नवीन चामडं मागवतात आणि नवीन म्यानातही तेच होतं.

बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाकून निश्चिंत होऊ नका, ती तुमच्याकडे येईपर्यंत बहुतेक वेळा आधीच भरलेली असते. एमआयडीसीत कुणी ओळखीचं असेल तर व्हीसीआय कागद मागा, गंज लागू नये म्हणून मशीनचे पार्ट गुंडाळून पाठवतात तो, पातं त्यात गुंडाळून ठेवलं तर छान राहतं. स्वयंपाकाच्या सुरीला तो नको.

पातं खरंच साफ असतं का

कैरी, लिंबू, कोकम, मासे, कांदा, यातलं काहीही कापून सुरी पँटला पुसून म्यानात घातली की ते आम्ल आणि मीठ म्यानाच्या आतल्या बाजूला लागलं, आणि ते तिथून परत निघत नाही. पुढच्या वेळी सुरी कितीही धुऊन घाला, म्यान तिला ते परत लावणार. बोटांचा घामही खारट असतो. त्यामुळे धुवा, फडक्यानं पुसा, मग दहा मिनिटं पंख्याखाली उघडी ठेवा, मग म्यान.

लावायचंच असेल तर मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, स्वस्त आहे, कुजत नाही, तोंडात गेलं तरी अडचण नाही. दोन थेंब, फडक्यानं पसरवा आणि मग जवळजवळ सगळं पुसून काढा. शिलाई मशीनचं तेल नुसत्या कामाच्या सुरीला चालतं, खाण्याचं कापत असाल तर नको. जवस किंवा करडईचं तेल चिकट होऊन बसतं, खोबरेल दीर्घकाळ ठेवलं की खवट होतं.

म्यान वाळलंय असं तुम्हाला वाटतंय

माझा अनुभव विचाराल तर सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच सुटतात. म्यान शिवून झाल्यावर आपण ते भिजवतो, सुरी आत घालतो, बोटांनी दाबून आकार देतो, आणि मग दुसऱ्या दिवशी हाताला कोरडं लागलं की झालं म्हणतो. वरचा थर कोरडा असतो हो, पण मध्ये ३ मिमीची पट्टी आहे, तिच्या दोन्ही बाजूला ३ मिमी चामडं आहे, तिन्ही सोल्यूशननं चिकटवलेली आणि टाक्यांनी आवळलेली, तो मधला ओलावा बाहेर येणार कुठून? बाहेरून तो फार सावकाश निघतो, आणि म्यानाच्या तोंडातून निघावा तर तिथे तुम्ही सुरी खुपसून ठेवलेली असते.

हातावर विश्वास ठेवू नका, वजन करा. किचनमधला डिजिटल काटा घ्या, भिजवायच्या आधी म्यानाचं वजन लिहून ठेवा, भिजवल्यावर करा, मग रोज सकाळी एकदा. समजा कोरडं १२० ग्रॅम होतं, भिजून १७० झालं. पहिल्या दोन दिवसांत ते भराभर उतरतं आणि मग रेंगाळतं, १३१, १२८, १२७, आणि इथेच लोक थांबतात. सलग तीन दिवस आकडा हलला नाही की वाळलं. पावसाळ्यात ते मूळ वजनावर न येता थोडं वरच थांबेल, कारण हवेतच ओलावा आहे, तेव्हा आकडा हलायचा थांबला का तेवढंच बघा. एसीच्या खोलीत ठेवलं तर लवकर होतं, एसी हवा कोरडी करतो. तोंड उघडं राहावं म्हणून आत कागदाची सैल गुंडाळी घाला आणि रोज बदला.

उन्हात, गॅसजवळ, ओव्हनमध्ये अजिबात नाही. ओलं व्हेज टॅन चामडं, म्हणजे झाडपाल्याच्या टॅनिननं कमावलेलं, ७० अंशांच्या आसपास आकसायला लागतं आणि एकदा आकसलं की परत येत नाही, सुरी आत जाणारच नाही. गरम मेणात म्यान बुडवणाऱ्यांनी हे दोनदा वाचा, ओलसर म्यान गरम मेणात गेलं तर तुमच्या डोळ्यांदेखत वेडंवाकडं होतं.

आकार देताना सुरीला क्लिंग फिल्मचे दोन-तीन पदर घट्ट गुंडाळा आणि वरून सेलोटेप, आणि आकार बसला की तासाभरात सुरी काढून घ्या. रात्रभर आत ठेवायची काही गरज नसते, व्हेज टॅन आकार धरून ठेवतं. ते काळे धब्बे बहुतेक त्याच एका रात्रीचे असतात. आलेच असतील तर बारीक स्टील वूल आणि थोडं तेल घेऊन पुसा, नाही गेले तर राहू द्या, त्यानं पात्याचं काही बिघडत नाही.

तेल, हिरवा मेणचटपणा आणि बटणं

म्यान कडक वाटलं की लोक तेल पाजतात. अहो, ते कडकच असायला हवं! म्यान म्हणजे चप्पल नव्हे, मऊ पडलं तर टोक आरपार येईल. शिवाय तेलातल्या फॅटी ॲसिडची पितळेतल्या तांब्याशी गाठ पडते आणि हिरवा साबणासारखा थर तयार होतो, तो रिवेटच्या भोवती आणि सुरीच्या पितळी गार्डवर, म्हणजे मूठ आणि पात्यामधल्या आडव्या पट्टीवर, बसतो. टूथपिकनं खरवडून काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, रिवेटच्या मागे मधमाशीचं मेण घासा आणि तेल बंद करा. बाहेरून वर्षातून एकदा मेण आणि तेलाचं मलम हलक्या हातानं लावलं तरी पुष्कळ, आतून काहीच नाही. आतून तेल लावलं की धूळ, वाळू चिकटते आणि दर वेळी सुरी काढताना पात्यावर रेघा पडतात.

बटणाला लोहचुंबक लावून बघा. फ्रिजवरचा चालेल. चिकटलं तर ते लोखंडी आहे, वरून नुसता मुलामा, आणि पाठीमागची टोपी आतून गंजून पात्याला लागतेय. चुंबक न चिकटणारं पितळी बटण घ्या आणि मागच्या टोपीवर पातळ चामड्याची चकती चिकटवा, म्हणजे धातू धातूला लागणार नाही.

चामडं कसं कमावलंय

इथपर्यंत काही सापडलं नाही तरच चामड्यावर संशय घ्या. कातडं कमावायचे दोन मुख्य रस्ते, झाडपाल्याचं टॅनिन आणि क्रोमियमचे क्षार. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, ते पहिल्या प्रकारचं. बॅगा, जॅकेटं, बुटाचे वरचे भाग बहुतेक क्रोमचे. क्रोममध्ये कातडं आधी मीठ आणि आम्लात मुरवतात, मग क्रोमियम सल्फेट, आणि नंतर धुणं नीट झालं नसेल तर ते क्षार आत राहतात. कोरड्या हवेत ते गप्प बसतात, जुलैत ओलावा ओढून पात्याला लागतात. बॅगेला काही फरक पडत नाही, सुरीला पडतो. शिवाय क्रोम भिजवून आकार धरत नाही, त्यामुळे म्यानाला ते तसंही कामाचं नाही.

दुकानदार व्हेज टॅन आहे म्हणाला म्हणून सोडू नका. तुकड्याची ताजी कापलेली कड बघा, मध्ये निळसर करडी रेघ दिसली तर क्रोम. वरून रंगवलेलं असेल तर कड फसवते, मग दुसरी परीक्षा, गंजलेले खिळे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस ठेवा, झाकण सैल ठेवा कारण गॅस होतो, आणि त्या पाण्याचा थेंब चामड्यावर टाका. व्हेज टॅन मिनिटाभरात काळं पडतं, निव्वळ क्रोम नाही पडत. पण क्रोमवर नंतर व्हेजचा हात फिरवलेलं चामडंही बाजारात असतं आणि तेही काळं पडतं, म्हणून शेवटचा निकाल उकळत्या पाण्याचा. करंगळीएवढी पट्टी उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका, व्हेज टॅन सुकवलेल्या कोळंबीसारखं वळतं आणि आखडतं, क्रोम जसंच्या तसं राहतं. चामडं जाळून राख बघायची पद्धत काही लोक सांगतात, ती करू नका, क्रोमचा धूर छातीत घ्यायची काही गरज नाही.

खिळ्याची परीक्षा

व्हेज टॅन निघालं तरी त्यात आम्ल किंवा मीठ असू शकतं. विशेषतः तुम्ही त्या व्हिनेगर-लोखंडाच्या पाण्यानं म्यान काळं रंगवलं असेल तर आम्ल नक्की उरलंय, एक लिटर पाण्यात टेबलस्पूनभर खाण्याचा सोडा घालून त्यानं पुसा, मग साध्या पाण्यानं, आणि परत वजनाचं ते सगळं पहिल्यापासून. सोडा जास्त झाला तर चामडं काळपट आणि ठिसूळ होतं, तेव्हा हात आखडता ठेवा.

परीक्षा अशी. दोन साधे लोखंडी खिळे घ्या, मुलामा दिलेले नकोत, बारीक पॉलिश पेपरनं घासा, नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. एक खिळा त्याच चामड्याच्या कोरड्या तुकड्यात गुंडाळा, दुसरा साध्या पांढऱ्या कागदात. दोन्ही एका झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यात वेगळ्या बाटलीच्या झाकणात ओला कापूस, तो कशालाही लागता कामा नये. आठवड्यानं उघडा. दोन्ही सारखेच गंजले तर चामड्याची चूक नाही, हवेची आहे. चामड्यातला नुसता काळसर झाला तर टॅनिन, चालेल. चामड्यातल्या खिळ्यावर नारिंगी फोड आणि खड्डे, आणि कागदातला मात्र साधारण बरा, तर ते चामडं सुरीच्या जवळ नेऊ नका. बॅटरीत वरून घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात (ॲसिडमध्ये नव्हे) तुकडा रात्रभर भिजवून पीएचची पट्टी बुडवून बघितली तरी अंदाज येतो, साडेतीनच्या खाली असेल तर आम्ल जास्त आहे.

नवीन चामडं आणलं की मी म्यान कापायच्या आधीच ही परीक्षा करतो. आठवडा जातो, पण रविवारचे टाके वाचतात.

बनावट

तळाशी पाणी निघायला भोक आहे का? नसेल तर टोकाजवळ, टाक्यांच्या आतल्या बाजूला ३ मिमीचं भोक पंचनं पाडा, आरीनं नाही, आरीचं भोक परत मिटतं. धारेच्या बाजूची मधली पट्टी कोणत्या चामड्याची आहे तेही बघा, म्यान व्हेज टॅनचं आणि पट्टी मात्र घरात पडलेल्या क्रोमच्या तुकड्याची, हे सारखं दिसतं, आणि मग गंज बरोबर धारेच्या रेषेत येतो. तेव्हा टाके उसवून पट्टी बदलायची, दुसरा इलाज नाही. पांढऱ्या पाण्याच्या फेविकॉलनं चिकटवलं असेल तर तोही ओलावा आतच राहतो, रबराचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून, वास उडेपर्यंत थांबून, मग दाबा.

आणि मुळात चामडंच क्रोमचं किंवा खारं निघालं तर धुऊन, मेण लावून, आतून लॅकर मारून वाचवायचा नाद सोडा. आत लॅकर मारला की पातं त्याला रोज खरवडतं आणि महिन्यात पुन्हा तेच. त्या चामड्याचे हत्यारं ठेवायचे खिसे करा, किल्लीचे पट्टे करा.

कुठे थांबायचं

टोक किंवा धार चामड्यातून बाहेर डोकावायला लागली असेल तर त्या दिवसापासून ते म्यान कमरेला लावायचं नाही, वरून ठिगळ मारून पण नाही. बुरशी काळी असेल, आतपर्यंत गेली असेल आणि घरात कुणाला दमा असेल तर म्यान पिशवीत बांधून कचऱ्यात.

खड्डे धारेवर आले असतील तर घरी पॉलिश पेपर घासत बसू नका, धारेचा कोन जातो, चांगल्या धारवाल्याकडे किंवा ज्यानं सुरी बनवली त्याच्याकडे न्या. मुठीच्या कडेनं गंजाचं पाणी झिरपताना दिसलं किंवा मूठ थोडी हलायला लागली तर आतला लोखंडी भाग गंजतोय, तिथे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, मुठीच्या पट्ट्या फुटतात आणि मग बनवणाराही हात टेकतो. हे काम त्याचंच.

आणि घरातली आजोबा-पणजोबांची कट्यार, तलवार असेल तर यातलं काहीही तिच्यावर करायचं नाही, स्टील वूल नाही, लिंबू-चिंच तर नाहीच. जुन्या पोलादावर जी नागमोडी नक्षी असते ती एका दुपारच्या घासण्यात कायमची फिकी पडते. म्यानाचं चामडं सुटलं असेल तर तेही चिकटवू नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, अशा ठिकाणी आधी फोटो पाठवून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत पातं म्यानाबाहेर, धुतलेल्या कोऱ्या सुती कापडात, कोरड्या जागी आडवं ठेवा.